सप्टेंबरचं काम

पहिलं दाताळं फिरवलं की डॉक्रेबाई खिडकी उघडून ओरडतात,
"अहो, मारताय की काय त्याला?"
मी टोपी काढतो, म्हणतो,
बाई, पंधरा दिवस इकडे बघूच नका.

गवताच्या बुडाशी साचलेलं असतं बोटभर:
मेलेली पाती, शेवाळ, मागच्या तीन उन्हाळ्यांचा गाळ.
पाणी वरच अडतं, मुळंही वरच रेंगाळतात,
लाडावलेल्या पोरांसारखी, खाली उतरायचं नाव नाही.
यंत्राच्या सुऱ्या आधी उभ्या फिरवल्या, मग आडव्या.
बार्तेकने अकरा गोणी भरल्या
आणि विचारलं, "खाली लॉन उरलंय ना?"

मग पोकळ दात्यांचा काटा, चार बोटं खोल.
मातीच्या नळ्या पटापट बाहेर पडत होत्या
आणि मी स्वयंपाकघराच्या पायरीपाशी आलो.
तिथून गूजबेरीच्या झुडपापर्यंत
दोन चाकोऱ्या, रस्त्यासारख्या घट्ट.
डॉक्रेसाहेबांची बॅटरीची गाडी.
शेवटची दोन वर्षं ते तिच्यावर बसून
हातात सॉसपॅन घेऊन
चिचुंदरीएवढ्या एका मोलचा पाठलाग करायचे.

"इथे नको," बाई म्हणाल्या.
घरातल्या सपाता घालून चाकोरीवरच उभ्या.
मी म्हटलं, पाणी साचेल.
"साचू दे."
सव्वीस वर्षं झाली मला या धंद्यात, ईडनच्या खोऱ्यात,
घट्ट जमीन म्हटली की हात शिवशिवतात.
काटा उचलला आणि वळसा घालून पुढे गेलो.

बाकी सगळं नेहमीसारखं.
वाळू, माती, कुजलेला पाला चाळून पसरला,
झाडूने भोकाभोकांत उतरवला.
फेस्क्यूचं बी, थोडं राय.
खत देताना बार्तेकचा हात नत्राच्या पिशवीकडे गेला.
ती वसंतातली रे, म्हटलं. आत्ता पालाश.
थंडीच्या तोंडावर गवताला उंची नको, दम हवा.
खताची गाडी मात्र मी चाकोऱ्यांवरूनही नेली.
बाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

नोव्हेंबरात तिथे पाणी साचलं.
दोन लांब पट्ट्या, दोन्हीत आभाळ,
आणि शेपूट हलवत फिरणारा एक धोबी पक्षी.
मी सांगितलं होतं, असं मी म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये फोन आला.
"या. लगेच या. काटा नको, नुसते या."
डाव्या चाकोरीच्या बरोब्बर मधोमध
भुसभुशीत काळ्या मातीचे सात ढीग,
पायरीपासून झुडपापर्यंत, ओळीने.
"सापडला नाही तो त्यांना," बाई म्हणाल्या,
आणि इतक्या हसल्या की कठड्याला धरावं लागलं.

मी गुडघ्यावर बसलो, बोट खुपसलं.
अख्खं बोट आत गेलं.
ढिगांची माती हातानेच पसरली;
मोलच्या मातीसारखी माती विकत मिळत नाही.
खिशात मूठभर फेस्क्यू होतं, ते टाकलं.

बिलात फक्त बियाणं लिहिलं.
मजुरी ज्याची होती
तो पत्ता ठेवून गेला नव्हता.