दुसरा खण

पिंपळेकाका तांबट आळीतून पायी आले,
रविवार कारंजा, अशोकस्तंभ, मग आमचे दोन जिने.
खुर्चीत टेकले तरी उजवा हात
मांडीवर मठार धरून होता,
टक टक, टक टक, पन्नास वर्षांची सवय.

बाईंनी आरशाच्या दांड्यानं दाढ ठोकून पाहिली
तर तेच आधी म्हणाले,
"बद्द वाजतेय. तडा गेलाय.
घंगाळ असतं तर मी परत पाठवलं असतं."

मी हसले,
आणि हसण्यात विचारायचं राहिलं:
सकाळी काय खाल्लंत?
केसपेपरवर तो रकाना आहे.
मी तिथे बरोबरची खूण करून मोकळी झाले होते.

सुई अजून बाईंच्या हातातच होती
आणि टक टक थांबली.
मला ते आधी ऐकू आलं, मग दिसलं.
पंखा पाचावर, आणि कपाळावर घाम.
"काका?"
"सुमे, भाता थांबवू नको," असं काहीसं बोलले.
मी सुमी नाही.

बोटातून थेंब घेतला. सत्तेचाळीस.
"प्रणिता, दुसरा खण."

दुसऱ्या खणात ग्लुकोजचा डबा.
दर एक तारखेला मी त्याच्यावरची तारीख बघते
आणि मनात म्हणते, नसती उठाठेव.
चार चमचे, अर्धा पेला पाणी.
चमचा पेल्यात इतका वाजत होता
की बाईंनी माझं मनगट धरलं.

काकांच्या डोक्यामागे आमचंच पोस्टर,
दातांचा शत्रू साखर,
आणि साखरेवर लाल फुली.
गिळा काका. अजून एक घोट. गिळा.

किती मिनिटं गेली, घड्याळ माझ्या पाठीमागे होतं.
मग मांडीवर एक बोट टेकलं.
थांबलं.
पुन्हा टेकलं.

नंतर कळलं, दाढ काढायची म्हणून
रात्रीपासून उपाशी,
मधुमेहाची गोळी मात्र वेळेवर,
"ती चुकवायची नाही, सांगितलंय ना डॉक्टरनी."

दाढ आहे तिथेच आहे. गुरुवारी या, जेवून या.
मुलगा स्कूटर घेऊन आला.
उठताना काकांनी पेला नखानं वाजवून बघितला.
"स्टील. ह्याला कसला आवाज."

सुमी कोण, ते मी विचारलं नाही.
केसपेपर काढला. खूण शाईची होती,
खोडली तर कागद फाटला असता.
तिच्या बाजूला बारीक लिहिलं:
उपाशी होते. मी विचारलं नव्हतं.
खाली सही केली, वेळ घातली,
अकरा वाजून दहा.