जिंतूर लागली का

मिस्बाह सहा महिने लाइपझिगला होती.
परत आल्यावर विचारलं, काय शिकलीस?
म्हणाली, सर, अडाणी असणं.
ट्रामच्या पाटीसमोर उभी राहायचे
अन् कुणी सांगेल का, बघायचे.

मग परभणीच्या स्टँडवर
आमचा प्रकल्प: एक वेळापत्रक.
बाकीच्यांनी आधी रंग निवडले.
ही तीन दिवस चौकशीच्या खिडकीशी बसून
लोकांचे प्रश्न उतरवत राहिली.
'गंगाखेड कुठं थांबती?'
'जिंतूर कवा लागती?'

पाटी लागली.
जिंतूर हातभर, शेजारी नुसती पांढरी जागा.
आगारप्रमुख म्हणाले, इथं एक जाहिरात बसली असती.

काल एक बाई
त्याच पांढऱ्या जागेला पाठ टेकून,
पिशवी दोन पायांत धरून,
मिस्बाहलाच विचारत होती,
पोरी, जिंतूर लागली का गं?