अकरा मिनिटं

दांगुओलेबाईंचा कॉम्प्युटर सुरू व्हायला
अकरा मिनिटं लागतात.
हे त्यांनीच जिन्यात सांगितलं मला,
तक्रार म्हणून नव्हे;
वाऱ्यामुळे पलीकडची फेरी आज उशिरा सुटेल
असं क्लाइपेडात कुणीही कुणाला सांगतं, तसं.
मी वरच्या मजल्यावरचा, झिल्विनास.
बंदरात क्रेनच्या बिघाडांच्या नोंदी ठेवतो,
म्हणजे यंत्रांतलं मला सगळं कळतं
असा आमच्या इमारतीचा समज.

शनिवारी गेलो. बूट दाराशी.
टेबलाखाली करडी पेटी,
तिच्या डोक्यावर विणलेला रुमाल.
बटण दाबलं, तर आतला पंखा
दमेकरी जिना चढावा तसा घरघरला,
थांबला,
पुन्हा घरघरला.
"बघत काय बसलास," त्या म्हणाल्या, "बीट सोल."

तीन बिटं सोलून झाली तेव्हा चिन्हं उमटली, एकेक.
चहा उकळून, गाळून, निवून गेला तेव्हा इंटरनेट उघडलं:
सात टूलबार एकावर एक
आणि खाली मेलसाठी उरलेली
दाराखालच्या फटीएवढी जागा.
अभिनंदन, त्या दहा लाखाव्या पाहुण्या होत्या.
रोजच असतात.
कोपऱ्यात पोहण्याच्या कपड्यांतली एक मुलगी
इथून दोन किलोमीटरवर एकटीच आहे म्हणत होती.
"दोन किलोमीटरवर मासळीचा कारखाना," बाई म्हणाल्या,
"एकतीस वर्षं डबे भरले मी तिथे.
असली कुणी नव्हती."

हे सगळं आलं कुठून?
हातमोज्यांवरच्या नक्षीचे नमुने फुकट मिळत होते.
मग त्यानं विचारलं, हेही घेणार का, तेही ठेवू का.
"नीट विचारलं की मी हो म्हणते."

पेन ड्राइव्ह लावला. सेफ मोड.
आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा चढत
चारशे बारावर थांबला.
"एवढे जण राहत होते माझ्याकडे?
भाडं न देता?"
थंडगार गुलाबी सूप झालं, त्यासोबत गरम बटाटे झाले,
जूनचा उजेड दहा वाजले तरी खिडकीतून हलेना.
एकेकाला बाहेर काढलं.
काही मागच्या दारानं परत येत,
नवं नाव सांगत.
मध्यरात्री पुन्हा बटण दाबलं:
पन्नास सेकंद.
बाई झारी घेऊन जिरेनियमकडे निघाल्या होत्या,
अर्ध्या वाटेत थबकल्या.
"झालं?"
"झालं."
त्यांनी झारीकडे पाहिलं.

सोमवारी त्या वर आल्या, गुडघा धरत,
कागदात गुंडाळलेला, धुरी दिलेला मासा घेऊन.

"रविवारी सहाला केस्तुतिसचा फोन असतो, आयर्लंडहून.
सहाला अकरा कमी असताना बटण दाबायचं,
मग स्वेटर बदलायचा, केस विंचरायचे,
आणि काय काय बोलायचं नाही
ते एकदा मनाशी घोकायचं.
गुडघा. हीटिंगचं बिल.
जिन्यात पडले ते.
काल दाबलं, तर हा समोरच,
आधीच येऊन बसलेला.
माझे हात ओले, केस सुटलेले.
'कशी आहेस' म्हणाला
आणि मी सांगून बसले.
सगळं.
मग तो रडला, मग मी त्याला समजावत बसले.
आता ऑगस्टात येतोय म्हणे, रजा टाकून, विनाकारण."

खुर्ची पुढे केली, बसल्या नाहीत.

"त्यांतले थोडे परत घालता येतील?
सगळे नकोत.
चार मिनिटांपुरते."

मी म्हणालो, आधी तयारी करा,
बटण मग दाबा.
ज्याला फक्त यंत्रांतलंच कळतं
अशा माणसाकडे बघावं
तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मासा टेबलावर ठेवला,
आणि कठडा धरून उतरू लागल्या.
दार लावायला मी
बराच वेळ थांबलो.