वारभर आणि चार बोटं

इंग्रजी शिकलो असं बाबांना वाटलं होतं,
ती निघाली नॉर्वेजियन.
पहिले दोन हिवाळे पाठीवर पेटी घेऊन
शेताशेतांवर सुया, बटणं, फिती विकल्या;
बायका ज्या भाषेत कुत्री आवरायच्या
तीच उचलली.
फार्गोच्या घाऊक पेढीत तोंड उघडलं
आणि कारकुनाला हसू आवरेना.

मग दुकान. पाटीवर 'नखले अँड सन',
मूल व्हायच्या आधीच.
झाले मी. पाटी तशीच राहिली.

काउंटरवर वारावाराला पितळी खिळे.
कापड खिळ्यापर्यंत ताणायचे,
पुढं चार बोटं ठेवायची, मग कात्री.
आई म्हणायची, गावाला नेसवा,
आम्ही आहोत ठिगळं लावायला.
"धुतल्यावर आटतं," एवढंच उत्तर.
रेशीम मात्र कधी ठेवलं नाही.
तिकडे डोंगरातल्या कारखान्यात आजी
उकळत्या पाण्यातून कोष काढायची,
तिच्या बोटांची टोकं कायमची पांढरी.
हे मला आईनं सांगितलं.

मग ती कोरडी वर्षं.
गहू उगवला नाही, धूळ ताग्यांच्या घडीघडीत शिरली.
बँक बुडाली. उधारीची वही जाड झाली,
उजवीकडून डावीकडे, त्यांच्या अक्षरांत,
आणि प्रत्येक नावाशेजारी खळीनं चिकटवलेला
बोटभर कापडाचा तुकडा.

ते गेले त्या मार्चमध्ये टोलेफसनबाई आल्या,
लोण्याचा डबा घेऊन.
"माझं किती राहिलंय?"
मला नावं वाचता येईनात. त्यांनीच पानं उलटली,
निळ्या बुंदक्यांच्या फ्लॅनेलवर थांबल्या.
"हे. इंगेबोर्गच्या झग्याचं."
शेजारी एक शून्य, आणि शाईचा डाग.
"काही नाही," मी म्हटलं.
तुकड्यावरून त्या बराच वेळ अंगठा फिरवत राहिल्या.
डबा परत नेला नाही.

त्या वसंतात असे बरेच आले.
शून्य. शून्य. एखादा एक, त्यापुढे शून्य.
बाबांनी सगळं वसूल केलं होतं म्हणून
मला अभिमान वाटला, थोडी लाजही.

सात वर्षांनी टोलेडोहून चुलतभाऊ आला.
वही चाळताना सहज म्हणाला,
आपल्यात पाच असा काढतात, गोल.
शून्य म्हणजे नुसता ठिपका.

मी वही त्याच्या हातून घेतली, मिटली.
गिऱ्हाईक उभं होतं, तीन वार अस्तर हवं होतं.
खिळ्यापर्यंत ताणलं, पुढं बोटं ठेवली.
माझी बारीक आहेत,
म्हणून पाच.