सदतिसावं नाव

छत्तीस जण असते तर बरं झालं असतं.
शुक्रवारी रात्री साडेदहाला फोन वाजला,
चिमगावहून एक बाई बोलत होत्या:
पोरगीला घ्या की, सात वर्षांची हाय,
घोडा अडीच घरं जातो एवढं येतंय तिला.
मी लिहिलं. उन्नती चौगले. सदतीस.

हॉल दूध संस्थेचा. मी तिथंच फॅट काढतो,
म्हणून भाडं माफ, अट एकच:
रविवारी पाचला किटल्या यायच्या आत सगळं उचलायचं.
टेबलं मंडपवाल्या दस्तगीर नदाफांची, लग्नातली,
कितीही पुसा, मठ्ठ्याचा वास जात नव्हता.
पंच बाबगोंडा मगदूम गडहिंग्लजहून आले,
एस्टीनं, अठरा घड्याळं मांडीवर घेऊन,
कुणी अंडी आणावीत तशी.

चषकांसाठी कोल्हापूरला गेलो, महाद्वार रोडला.
बुद्धिबळाचे संपलेत, क्रिकेटचे देऊ का, म्हणाला.
घेतले. रात्री कानशीनं बॅटी कापल्या.
आता वर एक माणूस वाकून उभा आहे,
हातात काही नाही,
विचार करतोय असं वाटतं.

अकराव्या पटाचा काळा उंट हरवलेला.
त्या जागी बामची बाटली ठेवली.
गारगोटीच्या मास्तरांनी हरकत घेतली, लेखी.
मग तीच बाटली तिरकी तिरकी येऊन
त्यांचा वजीर घेऊन गेली.

ऊसतोड सुरू झालेली. बाहेरच्या रस्त्यानं
ट्रॅक्टर जायचा, मागं दोन ट्रॉल्या, वर भोंगा,
काचा थरथरायच्या, प्यादी सुद्धा,
आणि सगळी माणसं एकदम
कानांवर हात ठेवून राजाकडं बघत बसायची.
मला काय आवडलं ते, कसं सांगू.
मुरगुडात इतकी माणसं न बोलता बसलेली
मी फक्त मयताला पाहिली होती.

सदतीस म्हणजे दर फेरीला एक जण उरणार.
उरेल त्याला बाय, न खेळता एक गुण.
चार वेळा ती दुसऱ्यांना गेली.
चार डाव हरून उन्नती शेवटच्या फेरीला आली तेव्हा
तक्त्यावर तिच्या नावासमोर जागा मोकळी.
तिनं तिथं बोट ठेवलं.
मी जिंकले?
हो.
कुणाला हरवलं?

मगदूम सरांनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं,
आणि चष्मा पुसायला घेतला.
मला दशांश चिन्हापुढचं सगळं कळतं,
कुठल्या म्हशीच्या दुधात कुणी किती पाणी घातलं तेही.
यावर काय बोलावं, कळेना.

मग मागच्या कोपऱ्यात, उपड्या क्रेटवर,
शिल्लक पट मांडला. घड्याळ नव्हतं.
ती पांढरी, मी काळा.
सोंगटी उचलायच्या आधी ती डोळे मिटायची,
ओठांत काहीतरी मोजायची, मग हळूच ठेवायची,
झोपलेलं बाळ ठेवावं तशी.
माझा हत्ती अडकला. खरंच अडकला.
मुद्दाम केलं नाही, पण हे आता कुणाला पटवू?

पाच वाजले. पहिली किटली दारात आदळली.
तिच्या आईनं हात धरला, चिमगावची गाडी चुकंल म्हणाली.
बॅट नसलेला फलंदाज निपाणीच्या पोरानं नेला.
साडेअकराशे रुपये कमी पडले;
खतवाले वाइंगडे देणार होते,
पण फलकावर वाइंगणे छापून आलं.

रात्री चालींचे कागद दोरीनं बांधताना
तिचा मिळाला. पेन्सिलीनं लिहिलेला.
पांढरी: उन्नती. काळी: डेअरीचे काका.
खाली चाली म्हणून एकाखाली एक
घोडा, घोडा, प्यादं, घोडा,
आणि निकालाच्या चौकटीत,
रेघेबाहेर जाऊन:
अजून चालू हाय.