दोन म्हणायच्या आत

रडत नव्हता, म्हणून सगळे म्हणाले, किती शहाणं पोर.
मला तिथेच धस्स झालं.
अठ्ठावीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली मी.
बोंबलत आलेल्या पोराला घटकाभर थांबवता येतं.
गप्प आलेलं थांबत नाही.

सुफियान, वय सहा, राहणार अप्पर.
उतारावर सायकलचा ब्रेक लागला नाही,
रस्ता खणलाय तिथल्या पत्र्याच्या कडेनं
मांडी उभी चिरली.
मेमाण्यांच्या रिक्षातून आला. मागच्या सीटवर
भाजीवाल्या सगुणाबाई, ना नात्याच्या ना गोत्याच्या,
पदराचा बोळा जखमेवर घालून
दोन्ही तळव्यांनी गच्च दाबून बसलेल्या.

गौतमी डॉक्टरची ती तिसरीच रात्र.
म्हणाली, "बीपी ठीक आहे सिस्टर. शंभरावर साठ."
बाई गं, लेकराचा बीपी म्हणजे
महिनाअखेरची गृहिणी.
डबा खडखडतो, तरी पाहुण्याचा चहा गोडच.
आधी हातापायांचं रेशन कापते,
मग कातडीचं, मग आतड्याचं,
काळीज आणि मेंदू, दोघांनाच वाढत राहते
आणि एकाएकी भांडं पालथं.
तेव्हा बीपी खरं बोलतो.
तेव्हा ऐकून उपयोग नसतो.

हे बघ, म्हटलं.
त्याचं नख दाबलं, पाच मोजले, सोडलं.
पांढरंफटक.
दोन म्हणायच्या आत रंग यायला हवा.
एक.
दोन.
तीन.
चारला कुठे कडेशी फिकी रेघ.
कपाळ माठासारखं गार, दमट.
नाडी एकशे साठ, दोऱ्याएवढी.
डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते.

एकोणीस किलोचं पोर. रक्त ते किती असणार?
अर्ध्या लिटरच्या दुधाच्या तीन पिशव्या.
त्यातली एक तर रिक्षात आणि रस्त्यावर सांडून आली होती.

ऑक्सिजन. एसी बंद करा. ब्लँकेट आणा,
अंग गार पडलं की रक्त गोठायचं विसरतं.
शीर सापडेना. गौतमीनं एकदा टोचलं, दोनदा टोचलं,
तिसऱ्यांदा मी तिचं मनगट धरलं. शोधत बसू नकोस.
गुडघ्याच्या खाली, नडगीचा आतला सपाट भाग. हाडातच.
कच्च्या पेरूत सुरी जावी तसा आवाज झाला.
तिचा चेहरा आक्रसला, हात मात्र हलला नाही.
कोमट सलाईन, एकशे नव्वद, सिरिंजनं ढकललं.
नख. तीन.
पुन्हा सलाईन भरायला निघाली, मी म्हटलं, पुरे.
पाण्यानं आमटी वाढते, डाळ नाही वाढत.
ब्लड बँकेला मी तो आला तेव्हाच फोन केला होता.
वॉर्डबॉय जिना चढून आला, ओ निगेटिव्हची पिशवी
शर्टाच्या आत छातीशी धरून. कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

सर्जन आले, म्हणाले, आता सोडा बाई.
सगुणाबाईंना हात सोडताच येईनात.
मी एकेक बोट उघडलं.

नख. अडीच.
थिएटरच्या दारात सुफियाननं मान वळवली,
"अम्मी कुठंय?" म्हणाला, आणि भोकाड पसरलं.
कुणीतरी दटावलं, चूप, चूप.
मी म्हटलं, चूप तुम्ही बसा.

बेसिनपाशी सगुणाबाई उभ्या होत्या, नळ न सोडता.
"लोक म्हणत होते, उचलून बघा किती लागलंय. हळद भरा.
मी एकदापण नाही बघितलं. चुकलं का काय माझं?"
नाही, म्हटलं. तेवढंच तर करायचं असतं.
ओलं झालं की वरून अजून एक कापड, आणि दाबायचं.
बघायचं नाही.

सवयीनं तिचं नख दाबलं.
सुकलेल्या रक्ताखाली रंगच कळेना.
साबण दिला.
हात चोळता चोळता ती म्हणाली,
हातगाडीवर मेथी तशीच राहिली,
चाळीस जुड्या,
वर ओलं पोतंपण टाकलेलं नाही.