नाण्याएवढी ढील

पाबोच्या रस्त्यावर क्लच वायर तुटली
तेव्हा कोमाकेचच्या मागे एक बाई होती, बाईच्या मांडीवर कोंबडी.
तिला त्याने बाजारापर्यंत सोडली, क्लचशिवाय,
इंजिनचा आवाज ऐकत, कानाने गिअर टाकत.
गुलूच्या चौकात मात्र गाडीने आचका दिला, बंद पडली,
तिथून घरापर्यंत ढकलत आणली.
भाडं त्याने अर्धंच घेतलं.
हे मला त्या बाईकडून कळलं, ती माप द्यायला आली तेव्हा.
भाऊ मला काही सांगत नाही.
त्याच्या नावाचा अर्थच कमनशिबी,
त्यावर तो गिऱ्हाइकांना विनोद ऐकवतो म्हणे.

कर्ज माझ्या नावावर आहे.
म्हणून रोज रात्री विचारते: फेऱ्या किती? पेट्रोल किती?
इतका वेळ कुठे होतास?
तो हेल्मेट खिळ्याला अडकवतो
आणि पाठ करून जेवतो.

मेकॅनिक वायरीच्या किमतीएवढीच मजुरी मागतो.
मी शिलाई मशीनवर झाकण घातलं, म्हटलं, चल.

मोबाइल माझ्या दातांत, उजेड त्याच्या बोटांवर.
लिव्हरपाशी जुन्या वायरीचा मणी अजून खाचेत बसलेला,
मण्यामागे काहीच नाही,
खाली नुसते पिंजारलेले तंतू.
एका दिवसात नाही तुटली ही.
एकेक गेला असेल, महिनोन्‌महिने,
आणि उरलेले ओढत राहिले.

"उपसू नकोस," मी म्हटलं, मोबाइल सांभाळत, अर्धं तोंडातल्या तोंडात.
टाकीखालून ती कुठे वळते, तुला पाठ आहे?
काढलीस की वाटही गेली.
दुहेरी दोरा घेतला, निळा, जाड,
जुनीच्या टोकाला नवीचं टोक बांधलं,
नाडी ओवताना करतो तसं.
तो खालून ओढत गेला, मी वरून सोडत गेले,
जुनी जाता जाता नवीला रस्ता दाखवून गेली.

तेल माझ्याच मशीनचं.
पिशवीचा कोपरा कापून वायरीच्या तोंडाशी बांधला.
खालच्या टोकाला थेंब कधी दिसेल
याची वाट पाहत बसलो दोघं.
शेजाऱ्यांचा रेडिओ. एक कुत्रा.
बराच वेळ.

मग ढील.
आधी त्याने एवढी ताणली की लिव्हरला जराही झोल नाही.
"कशी घट्ट झाली!"
मलाही वाटलं, असंच हवं.
गल्लीच्या चढावर इंजिन किंचाळलं,
गाडी जागच्या जागी. जळका वास.
परत आला. सैल केली. फारच सैल.
लिव्हर पूर्ण आवळलेली, तरी गिअर पडताच
गाडी उडी मारून पाण्याच्या पिवळ्या कॅनवर.
तेव्हा तो हसला.
मीही, आणि मोबाइल मातीत पडला.

खालचा नट, मग वरचा.
पाव आटा. पाव आटा मागे.
लिव्हरच्या बुडाशी फटीत
शंभर शिलिंगांचं नाणं सरकवून पाहिलं:
जाईल, पण डुगडुगणार नाही.
हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे,
वायर कुठे ओढली जात नाही.
लॉक नट आवळला.

एवढीशी फट, पण ती नसली
तर ही दूर देशातून खोक्यात बसून आलेली गाडी
चढ चढत नाही.
हे मी त्याला म्हटलं नाही.
नाणं मात्र डब्यात परत टाकलं नाही,
मशीनच्या खणात ठेवलं, बॉबिनांबरोबर.

पहाटे तो निघाला. मी कात्री शोधत असल्यासारखी.
कधी येशील, हे ओठांपर्यंत आलेलं.
दारातच त्याने लिव्हर एकदा दाबून सोडली,
इंजिन सुरू नसताना, उगाच:
टक.
इंजिनपाशी निळ्या दोऱ्याचा तुकडा लोंबत होता,
रात्री कापायचा राहिलेला.